द्रोणभर ढग

श्रीपादरावांनी त्या शनिवारी ठरवलं होतं ते एवढंच: लेकीला काय खावंसं वाटतं ते तिला सरळ विचारायचं आणि ती सांगेल ते आणून द्यायचं. यात कुणाचं काही बिघडण्यासारखं होतं का, तुम्हीच सांगा. पण या एवढ्याशा निश्चयापायी पुढचे तीन आठवडे दिल्लीच्या मयूर विहारातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर जे काही चाललं होतं, ते आठवून त्यांच्या पत्नी विनयाताई अजूनही कपाळाला हात लावतात.

आधी श्रीपादरावांविषयी सांगायला हवं. नोएडात वजनकाटे बनवणारी एक लहानशी कंपनी आहे. काट्याच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका येते ना, ती हे लिहितात. तीच ती, जी आपण खोकं फोडल्याबरोबर बाजूला टाकतो. 'यंत्र सपाट जागी ठेवावे. आकडा स्थिर होईपर्यंत हलू नये.' असली वाक्यं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली. एका वाक्याचा एकच अर्थ निघाला पाहिजे, दुसरा निघाला तर गिऱ्हाईक पडतं, असं ते म्हणत. (एकदा पडलं होतं. 'यंत्रावर पाय ठेवावा' असं छापून गेलं, आणि गाझियाबादच्या एका सज्जन माणसानं एकच ठेवला.)

पण त्यांच्या या काटेकोरपणाचं खरं कारण निराळंच होतं, आणि ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी जरा फुलवून बोललं की श्रीपादरावांना ते दिसायचं. विनयाताईंचं माहेर पुण्याचं, बोलणं झणझणीत. "माझ्या डोक्याची मंडई झालीय," असं त्या म्हणाल्या की यांना त्यांच्या केसांत भाजीचे गाळे दिसत, गाळ्यांवर पिवळे दिवे लागलेले दिसत, आणि मेथीची जुडी तोलणाऱ्या बाईचा काटा एका बाजूला कलतोय हेही दिसे. "जीव टांगणीला लागलाय," म्हटलं की गॅलरीतल्या दोरीवर दोन टॉवेलांच्या मधे काहीतरी निळसर, ओलसर हलताना दिसे. मग ते तिकडे बघत बसत, आणि विनयाताई म्हणत, "ऐकताय ना?" आणि हे म्हणत, "अं?" तीस वर्षांच्या संसारातला निम्मा संवाद हा असा.

तर सुखदा, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, सातव्या महिन्यात माहेरी आली होती. जावई अनुराग, त्याला कंपनीनं संक्रांतीपर्यंत बंगळुरूला धाडलेलं. पोरगी वाढली दिल्लीत, त्यामुळे तिचं मराठी निम्मं हिंदीच. पण आल्यापासून ती दोन्ही भाषांत एकच बोलत होती. "नको. मन नहीं है." ताट जसंच्या तसं परत यायचं. आमटी परत, भाजी परत, हौसेनं केलेली पुरणपोळी चतकोर कुरतडून परत. दिवसभर खिडकीशी पडून बाहेरचं धुकं बघत राहायची.

गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. त्यांच्याकडचा वजनकाटा नेमका श्रीपादरावांच्याच कंपनीचा निघाला. मग काय, आधी यंत्र बरोबर आहे की नाही ते बघायला हे स्वतः चढले. अडुसष्ट किलो चारशे ग्रॅम. खिशातल्या डायरीत नोंद केली. मग सुखदा चढली. आकडा स्थिर झाला, पण तो मागच्या महिन्यापेक्षा कमी होता.

"तीन हफ़्ते देती हूँ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वज़न नहीं बढ़ा तो एडमिट करना पड़ेगा. बच्चे का सवाल है."

म्हणून तो शनिवार. श्रीपादराव डायरी आणि पेन घेऊन लेकीच्या पलंगापाशी खुर्ची ओढून बसले. "सुखदा, तुला नक्की काय खावंसं वाटतं? एकच सांग. पण स्पष्ट सांग."

सुखदानं खिडकीबाहेर पाहिलं. समोरची बिल्डिंग धुक्यात गेली होती, फक्त वरची पाण्याची टाकी तेवढी हवेत दिसत होती.

"ढग," ती म्हणाली.

श्रीपादरावांनी लिहून घेतलं. "किती?"

तिनं मान वळवून बापाकडे पाहिलं. मग "एक वाटी," म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

स्वयंपाकघरात विनयाताईंनी डायरी वाचली आणि त्यांना हायसं वाटलं. "म्हणजे काहीतरी हलकं हवंय तिला. साबुदाण्याची खीर टाकते."

"साबुदाणा कंदापासून करतात. त्याचा ढगाशी संबंध नाही," श्रीपादराव म्हणाले.

"अहो, बोलायची एक पद्धत असते."

खीर झाली, परत आली. इडली झाली ("दिसते तर अगदी ढगासारखी"), तीही परत आली. तेवढ्यात मिरजेहून कांताआत्यांचा फोन आला. या श्रीपादरावांच्या थोरल्या बहीण; घरातले सगळे रीतिरिवाज त्यांच्या ताब्यात. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "डोहाळा आहे तो. डोहाळ्याचा अर्थ लावत बसायचा नसतो विनया, तो पुरवायचा असतो. ढग म्हणाली ना? मग ढग. नाहीतर पोराची जन्मभर लाळ गळेल."

फोन स्पीकरवर होता. श्रीपादरावांना लगेच दिसला: तिशीतला नातू, स्वतःच्या लग्नात, अंगात सूट, गळ्यात टाय आणि टायवर लाळेरं. ते शहारले. पण मनातून त्यांना एक सुखही झालं. घराण्यातल्या कुणीतरी पहिल्यांदाच शब्दाचा अर्थ शब्दाइतकाच घेतला होता.

सोमवारी ऑफिसात त्यांनी हळूच विक्रांतला विचारलं. काट्याच्या आतली सर्किटं तो करतो, पोरगा हुशार. ढग कुठे मिळेल, असं विचारल्यावर विक्रांत हसेल अशी त्यांची अपेक्षा होती. तो हसला नाही. "सर, बादल तो चाँदनी चौक में मिलता है," तो म्हणाला. मग त्यानं समजावून सांगितलं. दौलत की चाट म्हणतात त्याला. नाव चाट, पण गोड. दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे घुसळतात, आणि वर येतो तो नुसता फेस गोळा करतात. फक्त थंडीत मिळतो. "मुँह में रखो तो है, निगलो तो नहीं है." श्रीपादरावांनी हे वाक्यही लिहून घेतलं, पण ते पुस्तिकेत कसं बसवायचं हे त्यांना काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, स्टीलचा डबा घेऊन ते निघाले. मेट्रो यमुनेच्या पुलावर आली आणि सगळं नाहीसं झालं. खाली नदी नाही, वर आभाळ नाही, नुसतं पांढरं. डब्यातली माणसं मफलरात तोंडं खुपसून पेंगत होती, कुणी बोलत नव्हतं, आणि गाडी कशावरून चाललीय तेच कळत नव्हतं. आपण ढगातून ढग आणायला चाललोय, असं श्रीपादरावांना वाटलं. असलं काही आपल्याला आपण होऊन वाटावं याचं त्यांना पुढची दोन स्टेशनं नवल वाटत राहिलं.

चांदनी चौकातल्या एका बोळाच्या तोंडाशी, वेताच्या तिवईवर भली मोठी परात ठेवून एक म्हातारबुवा उभे होते. परातीत पिवळसर पांढरा डोंगर, त्यावर पातळ कापड. थंडीपुरते ते मुरादाबादहून येत.

"एक द्रोण किती वजनाचा भरेल?" श्रीपादरावांनी हिंदीत विचारलं. सवयच ती.

"बाबूजी, वज़न ही तो नहीं है इसमें," म्हातारबुवा म्हणाले आणि चमच्यानं फेस उचलून त्यांनी द्रोण भरला. वर खवा, वर साखर.

सत्तावीस वर्षं वजनाच्या धंद्यात काढलेल्या माणसाला हे जरा लागलं. श्रीपादरावांनी तपासणी म्हणून एक चमचा तोंडात घातला. तो होता, आणि मग नव्हता. जिभेवर फक्त केशर राहिलं आणि थंडपणा. ते डोळे मिटून उभे राहिले. सायकलरिक्षावाले शिव्या देत बाजूनं गेले, हातगाडीचं चाक बुटाला घासून गेलं, यांना पत्ता नाही. लहानपणी मिरजेत पहाटे आई अंगावर आणखी एक पांघरूण टाकायची आणि त्याचं वजन जाणवायच्या आत झोप लागायची, ते त्यांना आठवलं. द्रोण संपला. पहिल्यांदा झालं ते खरंच झालं का, हे बघायला त्यांनी दुसरा घेतला. मग तिसरा डब्यात भरून घेतला.

राजीव चौकात डबा उघडून पाहिला तर ढग निम्म्यावर आला होता. वाया जाऊ नये म्हणून कडेचा थोडा त्यांनी खाल्ला. घरी विनयाताईंनी झाकण काढलं तेव्हा तळाशी दोन चमचे पिवळं दूध होतं.

"हे काय?"

"ढग होता."

"अर्धा दिवस रजा टाकून तुम्ही दोन चमचे दूध आणलंत?" विनयाताई म्हणाल्या. "हे सुखदाला कळता कामा नये. तिला वाटेल, बापाच्या डोक्यावर परिणाम झाला."

दुसऱ्या खेपेला त्यांनी शेजाऱ्यांची सहलीची बर्फपेटी मागून घेतली. चांदनी चौक स्टेशनवर पेटी एक्सरेच्या मशीनमधून गेली आणि थांबली. पडद्यावर डब्यात काहीच दिसत नव्हतं, आणि पेटी तर थंडगार.

"इसमें क्या है?" जवानानं विचारलं.

"बादल," श्रीपादराव म्हणाले. खरं तेच सांगायची सवय.

त्यांना बाजूला घेण्यात आलं. पेटी उघडली, डबा उघडला, मागं चाळीस माणसांची रांग तुंबली. श्रीपादराव घाबरून स्वतःशीच मराठीत पुटपुटले, "पोरीचे डोहाळे पुरवायला गेलो आणि हे काय होऊन बसलं." तसा जवान वाकून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागला. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, हिंदुराव.

"डोहाळं व्हय?" जवान म्हणाला. "मग आधी सांगायचं की. आमच्या मंडळीस्नी सातव्यात माहेरची भाजकी माती पायजे हुती. मी तवा आसामात. पोस्टानं मागवून पोस्टानं धाडली." त्यानं डब्याचं झाकण हलक्या हातानं लावलं. "जावा लवकर, इरघळंल."

विरघळलाच. तिसऱ्या खेपेला थर्मास नेला, चौथ्या खेपेला मातीचं मडकं. दर वेळी म्हातारबुवांकडे तपासणीचे दोन द्रोण व्हायचे, आणि वाटेत जे बसत जाई ते वाया जाऊ नये म्हणून पोटात जाई. एकदा त्यांनी गच्चीवर चार लिटर सायीचं दूध रात्रभर दवात ठेवून, उजाडताच कानटोपी घालून रवीनं तासभर घुसळलं. फेस काही आला नाही. विनयाताईंनी तो प्रकार स्वयंपाकघरात येऊ दिला नाही, तेव्हा साखर घालून चार दिवसांत तोही श्रीपादरावांनीच संपवला. (पँट कमरेला काचायला लागली होती, पण आतून लोकरीचं घातलं की असं होतंच.)

आणि विनयाताई फोनवर कांताआत्यांना सांगत होत्या, "काळजीनं अर्धे झालेत हो हे."

दहा दिवस गेले. सुखदा दोन घासही जास्त खात नव्हती. अकराव्या दिवशी सकाळी श्रीपादराव रिकामं मडकं घेऊन तिच्या खोलीत गेले आणि खुर्चीवर बसले.

"सुखदा, मला जमलं नाही गं."

"क्या हुआ, बाबा? काय नाही जमलं?"

"ढग. चार वेळा आणला. घरापर्यंत टिकत नाही."

सुखदा उठून बसली. ती मडक्याकडे बघायला लागली. "तुम्ही इतके दिवस ढग आणायला जात होता?"

"तू म्हणालीस ना, एक वाटी."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. श्रीपादराव घाबरले, पाण्याचा ग्लास शोधायला लागले. "बाबा, बसा," ती म्हणाली. "मला ढग नको होता. सगळे दिवसभर एकच विचारतात, काय खाणार, काय खाणार. आई तेच, अनुराग व्हिडिओ कॉलवर तेच. म्हणून असं काहीतरी बोलले जे कोणी आणूच शकणार नाही. म्हणजे विचारणं बंद होईल."

"म्हणजे ढग म्हणजे..."

"ढग म्हणजे, मला विचारू नका."

सत्तावीस वर्षांत श्रीपादरावांनी ज्या तीन भाषांत लिहिलं, त्यातल्या एकाही भाषेत ढगाचा हा अर्थ त्यांना कधी भेटला नव्हता. आणि गंमत म्हणजे या वेळी त्यांना काहीच दिसलं नाही. समोर फक्त पोरगी दिसत होती, गालाची हाडं वर आलेली, उशी पोटाशी धरून बसलेली.

"मग काय विचारू?" त्यांनी विचारलं.

"मला भीती वाटते, बाबा. रोज. ते कोणी विचारतच नाही."

"कसली?"

आणि मग सुखदा बोलायला लागली. प्रसूतीची भीती, अनुराग वेळेवर पोचला नाही तर त्याची भीती, बाळाला आपण सांभाळू शकलो नाही तर त्याची भीती. खिडकीबाहेर टाकीखालची बिल्डिंग हळूहळू उजळत गेली, तासभर झाला, ती बोलत होती. शेवटी श्रीपादराव एवढंच म्हणाले, "हे बघ, चढल्या चढल्या आकडा हलतोच गं. मग होतो स्थिर. तोवर आपण उतरायचं नाही, बस."

सुखदानं नाक पुसलं आणि हसली. किती दिवसांनी हसली. "बाबा, यार, काय मस्त बोललात."

श्रीपादराव चकित झाले. त्यांनी तर पुस्तिकेतलं तिसऱ्या पानावरचं सांगितलं होतं. ते असं दुसऱ्याच कशाला तरी लागू पडतं हे त्यांच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. पण ऐकणाऱ्याच्या तोंडावर जे उमटलं ते त्यांनी पाहिलं, आणि माणसाला चटक लागायला एवढं पुरतं.

"तो ढग लागतो कसा?" सुखदानं विचारलं.

श्रीपादरावांनी तोंड उघडलं, मिटलं. "म्हणजे असं बघ... तो असतो, आणि..." मग त्यांनी नाद सोडला. "चल. तूच बघ."

रविवारी टॅक्सी करून तिघंही गेली. बोळाच्या तोंडाशी स्टुलावर बसून सुखदानं पहिला चमचा घेतला आणि बापासारखेच डोळे मिटले. मग पोरीनं दुसरा द्रोण मागितला, मग तिसरा, मग समोरच्या कढईकडे बोट दाखवून बेडमी पुरी मागितली, आणि घरी आल्यावर म्हणाली, "आई, खिचडी टाकतेस?" विनयाताई ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि पदर नसल्यामुळे ओढणीनं डोळे टिपले. मग दर दोन दिवसांनी हाच कार्यक्रम. ती एक द्रोण खाई, तिला सोबत म्हणून श्रीपादराव दोन. येताना टॅक्सीत दोघं बोलत, आणि जेवणाविषयी एक अक्षर नाही.

तीन आठवडे भरले. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात सुखदा काट्यावर चढली. आकडा हलला, डुलला, थांबला. एक किलो सहाशे ग्रॅम वर.

"बहुत बढ़िया," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एडमिट-वेडमिट कुछ नहीं. घर जाइए." विनयाताईंनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. (आणला होता, पण तोवर घरात कुणाला दाखवला नव्हता.)

सगळ्यांना काहीतरी सांगावं, मोठं सांगावं, मनातलं सांगावं असं श्रीपादरावांना वाटलं. पुस्तिकेतलं पुरणार नव्हतं. बायकोचं फोनवरचं वाक्य त्यांना आठवलं, आणि छाती फुगवून, आयुष्यात पहिल्यांदाच जाणूनबुजून, ते अलंकारिक बोलले.

"डॉक्टर साहब, इन तीन हफ़्तों में चिंता से मैं आधा हो गया."

बोलल्याबरोबर त्यांना ते दिसलं: कंबरेपासून वरचा श्रीपाद, डायरीसकट, दवाखान्यात तरंगत असलेला. छान वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी मात्र चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. वजन कमी होणं हा त्यांच्या दृष्टीनं बोलायचा नव्हे, तपासायचा विषय. "अच्छा? इस उम्र में अचानक वज़न घटना ठीक नहीं. चढ़िए ज़रा."

आता माघार कशी घेणार? श्रीपादराव चढले. आकडा हलला, डुलला, थांबला. बहात्तर किलो तीनशे. सुखदानं त्यांच्या खिशातली डायरी काढून मागचं पान मोठ्यानं वाचलं, "अडुसष्ट किलो चारशे."

विनयाताईंनी आयुष्यात कुठलंही वाक्य शब्दशः घेतलं नव्हतं. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

"अर्धे होऊन बहात्तर," त्या म्हणाल्या. "म्हणजे मागच्या महिन्यात तुम्ही एकशे चव्वेचाळीस किलोंचे होतात. मला कसं कळलं नाही हो?"

यंत्रात दोष आहे असं म्हणायची सोय नव्हती. सातव्या पानावर त्यांनी स्वतःच लिहिलेलं होतं: 'वजन चुकीचे वाटल्यास खाली उतरावे, यंत्र सपाट जागी असल्याची खात्री करावी व पुन्हा उभे राहावे.' श्रीपादराव खाली उतरले. वाकून यंत्राखालची फरशी बघितली, यंत्र भिंतीपासून चार बोटं सरकवलं. तोवर सुखदानं त्यांच्या तोंडात एक पेढा भरवला. तो गिळून, कुठंही न टेकता, हात सरळ ठेवून ते पुन्हा उभे राहिले आणि आकडा स्थिर होईपर्यंत अजिबात हलले नाहीत.

शंभर ग्रॅम वाढले होते.